कंबर मोडली म्हणजे काय मोडले?

अपघातातील जखमीची कंबर मोडली आहे का, हे ओळखणारी पहिली तपासणी डोळ्यांनी आणि दोन हातांनी होते. तिला फार तर एक-दोन मिनिटे लागतात. ती नीट झाली तर जीव वाचवणारा निर्णय एक्स-रेच्या आधीच घेता येतो. धसमुसळेपणाने झाली तर थांबत आलेला रक्तस्राव तिच्यामुळेच पुन्हा सुरू होऊ शकतो. दुसरी कोणतीही हाताची तपासणी इतकी उपयोगी आणि त्याच वेळी इतकी धोक्याची क्वचितच असेल.

आधी नावाचा घोळ. ठाण्या-कल्याणच्या रुग्णालयांत नातेवाईक ‘कंबर मोडली’ म्हणतात किंवा ‘खुबा सरकला’ म्हणतात. खुबा म्हणजे मांडीचे हाड जिथे धडाला जोडले जाते तो सांधा. कंबर म्हणजे कोणासाठी पाठीचा खालचा भाग, तर कोणासाठी पट्टा बांधण्याची जागा. डॉक्टर ज्याला पेल्व्हिस म्हणतात, आणि पाठ्यपुस्तके श्रोणी, ते या दोन्हींच्या मधले हाडांचे कडे. आई मूल कडेवर घेते तेव्हा मूल ज्या उंचवट्यावर टेकते तो या कड्याचा वरचा काठ. पाटावर बसल्यावर जी दोन हाडे टोचतात ती त्याची खालची टोके. मागे दोन नितंबांच्या मध्ये त्रिकास्थी, तिच्याखाली माकडहाड, आणि पुढे जननेंद्रियांच्या जरा वर दोन्ही बाजूंची हाडे कूर्चेने सांधलेली. म्हणून जखमीने ‘कंबर दुखते’ म्हटले की शहाणा डॉक्टर पुढचा प्रश्न विचारण्याआधी सांगतो, ‘एक बोट ठेवून दाखवा.’

काचेची बांगडी एकाच जागी तडकून तशीच गोल राहिली असे सहसा होत नाही. ती तुटली की दोन तुकडे तरी होतात. हाडांच्या कड्याचेही तसेच आहे. पुढच्या बाजूला मोड किंवा सांध्यात फट सापडली, तर मागेही काहीतरी फाटले आहे असे धरून शोधावे लागते, आणि खरा धोका बहुधा मागेच असतो. त्रिकास्थीच्या पुढ्यात शिरांचे दाट जाळे असते. मागचे अस्थिबंध फाटले की ते जाळे फाटते, मोडलेल्या हाडाचा पृष्ठभागही झिरपत राहतो. बहुतेक रुग्णांत रक्त या शिरांतून आणि हाडातूनच जाते, थोड्यांमध्ये एखादी धमनी तुटलेली असते. हे रक्त पोटाच्या पोकळीत न जाता तिच्या मागच्या सैल जागेत साचते. तिथे दोन-तीन लिटर रक्त मावू शकते आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. साठ किलोच्या माणसाच्या अंगात एकूण रक्त सुमारे सव्वाचार लिटर असते, हे लक्षात घेतले की ती जागा किती मोठी आहे ते कळते.

ठाणे ते कल्याण हा पट्टा अशा जखमांना नवखा नाही. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्या वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला, आणि आज त्याच मार्गावर डोंबिवली, दिवा, मुंब्रा, कळवा अशी दाराला लटकणाऱ्या गर्दीची स्थानके आहेत. ९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान वळणावर दोन गच्च भरलेल्या लोकल एकमेकींशेजारून जात असताना दारांतले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतले चार जण त्याच दिवशी दगावले. असा जखमी खडीवर आपटलेला असतो, खांबाला धडकलेला असतो किंवा फलाट आणि गाडी यांच्या फटीत पिळला गेलेला असतो. घोडबंदर रस्त्यावर आणि कल्याण-शीळ रस्त्यावर दुचाकीस्वार समोरून आदळतो. बांधकामाच्या परांचीवरून मजूर पडतो. दहीहंडीला ठाण्यात दहा थर लागले ते २०२५ साली. तेवढ्या उंचीवरून घसरलेला गोविंदा बसता आपटला तर पहिला आघात त्रिकास्थी आणि माकडहाड यांवर येतो.

‘कसे लागले?’ हा प्रश्न म्हणूनच निव्वळ पोलिसी कागदासाठी नसतो. दुचाकी समोरून आदळली की स्वार पुढे सरकतो, पेट्रोलची टाकी त्याच्या जांघांमध्ये घुसते आणि कडे पुढून पुस्तकासारखे उघडते. आतली जागा वाढते, शिरा ताणून फाटतात. रस्ता ओलांडणाऱ्याला गाडी बाजूने ठोकते तेव्हा कडे आत दाबले जाते. हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि त्यात रक्तस्राव तुलनेने कमी असतो, मात्र मूत्राशय आणि पोटातल्या अवयवांना इजा होऊ शकते. उंचावरून एका पायावर पडलेल्याचे अर्धे कडे वर सरकते. असे रुग्ण पाहणाऱ्याला जखमेची गोष्ट ऐकूनच हाडाचे चित्र अर्धे दिसू लागते. स्टेशन मास्तरांच्या मेमोवर बहुधा ‘गाडीतून पडून जखमी’ एवढेच असते. गाडी धावत होती की थांबत होती, माणूस खडीवर पडला की फटीत अडकला, हे स्ट्रेचर आणणाऱ्या हमालाला विचारून घ्यावे लागते. तो निघून गेला की ती माहिती गेली.

यानंतर डोळे. कपडे ओढून काढायचे नाहीत, कात्रीने कापायचे. जीन्सची शिवण घोट्यापासून पट्ट्यापर्यंत कापताना जखमीचा पाय हलत नाही, हा त्यातला मुद्दा. खिशातले पाकीट, किल्ल्या, मोबाइल, रेल्वेचा पास काढून पिशवीत ठेवायचा, कारण पुढे पट्टा बांधायची वेळ आली तर याच वस्तू कातडीत रुततात. मग पाय पाहायचे. दोन्ही पावले बाहेरच्या अंगाला लोळलेली दिसली तर कडे पुढून उघडले असण्याची शंका घ्यावी. एक पाय आत वळलेला असेल तर कडे बाजूने दाबले गेले असू शकते. मांडीचे किंवा पोटरीचे हाड सरळ असूनही एक पाय आखूड दिसत असेल तर त्या बाजूचे अर्धे कडे वर गेले असू शकते. खुब्याचा सांधा निखळला तरी पाय आखूड आणि आत वळलेला दिसतो, तेव्हा केवळ पायावरून निकाल देऊ नये.

नजर मग जांघेत, अंडकोशावर, योनिमुखाजवळ, नितंबांवर आणि कुशीत जाते. तिथले काळेनिळे डाग, सूज, आणि विशेषतः जखम शोधायची. पाठ्यपुस्तकांत यांतल्या काही खुणांना फ्रेंच आणि इंग्रज शल्यविशारदांची नावे आहेत, आणि तोंडी परीक्षेत ती हमखास विचारली जातात. अपघात विभागात मात्र त्यांचा भरवसा कमी, कारण डाग उमटायला काही तास लागतात आणि जखमी तर अर्ध्या तासात समोर आलेला असतो. डाग नाही म्हणून हाड शाबूत असा अर्थ काढणारा फसतो. छोटी जखम मात्र कधीच छोटी मानू नये. मांडीच्या मुळाशी किंवा गुदद्वाराजवळ दोन सेंटिमीटरची चीर असेल आणि ती आत मोडलेल्या हाडापर्यंत जात असेल, तर तो उघडा अस्थिभंग. त्यात विष्ठेचा संसर्ग होतो आणि मृत्यूचा धोका बंद अस्थिभंगापेक्षा कितीतरी जास्त असतो.

आणखी एक खूण या रेल्वेपट्ट्यात आवर्जून सांगण्यासारखी आहे. खुब्यावरची किंवा मांडीच्या बाहेरच्या अंगाची कातडी वरून जवळजवळ शाबूत दिसते, हाताला मात्र ती खालच्या मांसावरून सुटून सरकते आणि आत पाण्याच्या पिशवीसारखे लचकते. कातडी आणि खालचे आवरण एकमेकांपासून सोलले जाऊन मधल्या पोकळीत रक्त आणि लसिका साचलेली असते. मोरेल-लाव्हाले या फ्रेंच शल्यविशारदाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या इजेचे वर्णन केले ते धावत्या रेल्वेगाडीतून पडलेल्या रुग्णावरून. आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. ती दुर्लक्षित राहिली तर पुढे कातडी मरते, आणि हाडाच्या शस्त्रक्रियेची चीर नेमकी तिथून घेतली तर जंतुसंसर्गाची भीती वाढते.

आता हात. जखमी शुद्धीवर असेल तर आधी त्याला सांगायचे, मग स्पर्श करायचा. दोन्ही तळवे कड्याच्या वरच्या काठांवर अलगद ठेवायचे, पुढची दोन टोके चाचपायची, मग ओटीपोटाखालचा मधला सांधा एका बोटाने. तिथे कधी बोट शिरेल एवढी फट लागते. त्यानंतर खुब्याच्या बाहेरचा उंचवटा, आणि शेवटी, रुग्णाला न वळवता, हात खाली सरकवून त्रिकास्थी आणि तिच्या दोन्ही बाजूंचे सांधे. पुढून सगळे ठीक आणि मागे एका बाजूला बोट ठेवताच जखमी कळवळतो, हे चित्र बाजूने दाबल्या गेलेल्या कड्यात नेहमी दिसते. पुढूनच तपासून मोकळे होणाऱ्याला ते सापडत नाही. एवढ्याने काही दुखले नाही, तरच दोन्ही काठ हळूच आतल्या बाजूला एकदा दाबून पाहायचे. दुखले तर तिथेच थांबायचे, उत्तर मिळालेले असते.

‘स्प्रिंगिंग’ नावाची जुनी पद्धत मात्र सोडून द्यायला हवी. तिच्यात कड्याचे दोन्ही काठ धरून बाहेर ढकलायचे, आत दाबायचे, कडे खटखट हलते का ते बघायचे. पिढ्यान्‌पिढ्या ती शिकवली गेली. जखमेतल्या रक्ताची गुठळी हीच त्या वेळी शरीराची एकमेव बुचासारखी गोष्ट असते, आणि हे हलवणे नेमके तेच बूच उडवते. बरे, त्या बदल्यात हाती तरी काय लागते? ब्रिटनमध्ये १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ३६ रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात या पद्धतीने मोडलेल्यांपैकी ५९ टक्केच ओळखू आले. नाणे उडवण्यापेक्षा थोडेसेच बरे. दुसरा दोष माणसांच्या संख्येचा. अपघात विभागात कॅज्युअल्टीचे डॉक्टर, मग सर्जरीचे, मग ऑर्थोचे, आणि त्यांच्यामागे शिकाऊ डॉक्टर, असे चार जण चार वेळा दाबतात. तपासणी अनुभवी व्यक्तीने एकदा करावी, काय सापडले ते वेळेसह केसपेपरवर लिहावे आणि बाकीच्यांनी ते वाचावे.

हाडांवरून हात निघाला तरी तपासणी संपत नाही, कारण कड्याच्या आत मूत्रमार्ग, मूत्राशय, गुदाशय, स्त्रियांत योनी आणि गर्भाशय, आणि पायांकडे जाणाऱ्या नसा आहेत. लघवीच्या छिद्राशी रक्ताचा थेंब, अंडकोशाला सूज, लघवीला आल्यासारखे वाटूनही न होणे, या खुणा मूत्रमार्ग फाटल्याचा संशय निर्माण करतात. अशा वेळी घाईने नळी घातली तर अर्धवट फाटलेला मार्ग पूर्ण फाटू शकतो. म्हणून आधी औषध सोडून मूत्रमार्गाचा एक्स-रे काढतात किंवा मूत्ररोगतज्ज्ञाला बोलावतात. गुदद्वारातून बोटाने तपासताना रक्त, टोचणारे हाडाचे टोक आणि स्नायूची पकड पाहतात. पकड ढिली असेल तर नसांना इजा झालेली असू शकते. पायाचा अंगठा वर उचलायला आणि पाऊल खाली दाबायला सांगणे, जांघांमधल्या भागाला स्पर्श कळतो का विचारणे, दोन्ही पावलांची नाडी पाहणे, यांना फारसा वेळ लागत नाही आणि शस्त्रक्रियेनंतर ‘पाय आधीपासून लुळा होता का?’ या प्रश्नाचे उत्तर याच नोंदीत असते.

स्त्री रुग्णांच्या बाबतीत ही आतली तपासणी संकोचापायी टाळली जाते. जखमी बाई साडी घट्ट धरून ठेवते, सोबतचा दीर किंवा मुलगा पडद्याबाहेर अवघडून उभा असतो, आणि ‘नंतर बघू’ असे ठरते. योनीतली फाटलेली जखम दिसली नाही तर उघडा अस्थिभंग बंद समजला जातो आणि काही दिवसांनी पू होऊन तो उघड होतो. पडदा ओढावा, परिचारिकेला जवळ उभे करावे, काय आणि का करणार ते बाईला तिच्या भाषेत सांगावे. तपासणी टाळणे म्हणजे मात्र तिच्या लाजेचा मान राखणे नव्हे.

या सगळ्या चाचपणीवर विश्वास किती ठेवायचा? बराच, पण अटी घालून. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण शुद्धीवर असलेल्या २,१७६ जखमींची हातांनी तपासणी झाली. त्यांतल्या ९७ जणांचे पेल्व्हिस मोडलेले निघाले. हाताच्या तपासणीतून सात निसटले आणि त्या सातांपैकी एकालाही शस्त्रक्रिया लागली नाही. साध्या एक्स-रेतून मात्र तेरा निसटले. दोन वर्षांनी बारा अभ्यासांतल्या साडेपाच हजारांच्या आसपास रुग्णांचा हिशेब एकत्र मांडला गेला, तेव्हाही दहांतले नऊ अस्थिभंग तपासणीत सापडतात असेच दिसले. निसटलेल्यांत बहुतेक किरकोळ तरी होते किंवा त्या रुग्णांची शुद्ध हरपलेली होती.

शुद्धीची अट इथे येते. दारू प्यायलेला, डोक्याला मार लागलेला, वेदनाशामक इंजेक्शन मिळालेला, कमरेखाली संवेदना गेलेला, किंवा दुसरी इतकी भयंकर जखम असलेला की बाकी काही जाणवतच नाही, यांच्यापैकी कोणीही ‘नाही दुखत’ म्हणाला तर त्या उत्तराला किंमत नाही. रुळावर हात तुटलेल्या माणसाला कमरेचे विचारून काय कळणार? आणि रक्तदाबावरही विसंबता येत नाही. विशी-तिशीतल्या धडधाकट तरुणाचे जवळजवळ तीस टक्के रक्त जाईपर्यंत वरचा आकडा टिकून राहू शकतो. त्याआधी नाडी धावू लागते, तळवे थंड आणि ओलसर होतात, माणूस बेचैन होतो, पाणी मागतो. आघात जबर आणि ही लक्षणे सोबत असतील, तर हाताला काही लागो न लागो, कडे मोडले आहे असे समजूनच पुढे जायचे.

पुढे म्हणजे बांधायचे. तयार पट्टा असेल तर उत्तम, नसेल तर वॉर्डातली चादर घडी घालून चालते. चूक होते ती जागेची. बांधणारा सवयीने, पॅंटचा पट्टा असतो तिथे, म्हणजे पोटावर, चादर आवळतो. ती खुब्यांच्या बाहेरच्या उंचवट्यांवर, पॅंटच्या खिशांच्या तोंडाखाली यायला हवी. दोन्ही गुडघे जवळ आणून, पावले किंचित आत वळवून बांधली की उघडलेले कडे मिटायला मदत होते. रुग्णाला उचलताना एका कुशीवर पूर्ण वळवायचे नाही. मधोमध उघडणारे, दोन्ही बाजूंनी खाली सरकवता येणारे स्ट्रेचर यासाठीच बनले आहे.

वृद्धांची गोष्ट निराळी आहे. डोंबिवलीतल्या एखाद्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आजी न्हाणीघरात घसरतात, जांघेत दुखते म्हणतात, पाय टाकता येत नाही. सगळ्यांचे लक्ष खुब्याच्या हाडाकडे जाते, एक्स-रेत ते शाबूत निघते आणि ‘मुका मार’ ठरवून घरी पाठवले जाते. ठिसूळ हाडांत पुढच्या बाजूच्या बारीक मोडीबरोबर त्रिकास्थीलाही चीर गेलेली असते, ती साध्या एक्स-रेत दिसत नाही, मागे बोट दाबले तर दुखते. आजी रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर एवढ्याशा मोडीतूनही चिंताजनक रक्तस्राव होऊ शकतो. मुलांत उलटे असते. त्यांची हाडे लवचीक, कडे मोडलेच तर आघात मोठा होता, आणि आतल्या अवयवांचा शोध जास्त कसून घ्यावा.

तपासणीनंतरचा रस्ता ठरलेला आहे. रुग्ण अस्थिर असेल तर अपघात विभागातच पुढून एक एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी, रक्ताची सोय आणि शल्यविशारद. स्थिर असेल तर सीटी स्कॅन. कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय यांच्यापासून पुढे कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाकडे, ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाकडे किंवा थेट शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाकडे जाणारा प्रवास वाहतुकीत लांबतो. त्या प्रवासात बांधलेली चादर हाच जखमीचा आधार असतो. सोबतच्या कागदावर ती किती वाजता बांधली हे लिहिलेले हवे, कारण फार वेळ आवळून राहिली तर कातडीला जखमा होतात.

अपघाताच्या जागी असलेल्यांनी जखमीला उठवून बसवू नये, उभे राहता येते का ते पाहू नये, हातपाय धरून झोळीसारखे उचलू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, ती मोफत आहे. आणि रुग्णालयात जखमीच्या कमरेभोवती चादर घट्ट बांधलेली दिसली, तर त्याला आराम वाटावा म्हणून नातेवाइकांनी तिची गाठ सैल करू नये. ती कधी सोडायची ते डॉक्टर ठरवतील.